विस्तव राखेत का जगतो आणि बंद खोलीत जीव का घेतो

दोन घरांचं अगदी टोकाचं भांडण असलं की आपल्याकडे म्हणतात, त्यांच्यात विस्तवसुद्धा जात नाही. लहानपणी हे ऐकायचे तेव्हा मला वाटायचं की विस्तव म्हणजे भांडणाचाच काहीतरी प्रकार असणार. खरा अर्थ आजीने सांगितला. काडेपेटी जपून वापरायचे दिवस होते तेव्हा सकाळी चूल पेटवायला शेजारून गोवरीच्या तुकड्यावर नाहीतर खापरीत दोनचार निखारे मागून आणायचे, आणि हे इतकं साधं देणंघेणं होतं की कुणीच कुणाला नाही म्हणायचं नाही, त्यामुळे ज्यांच्यात तेवढंही उरलं नाही त्यांचं संपलंच म्हणायचं.

आमच्या आजीला मात्र विस्तव मागायची वेळ सहसा यायची नाही. सांगली भागातलं घर, कौलारू, मागच्या बाजूला चूल. रात्रीची जेवणं झाली की ती चुलीतले निखारे चिमट्याने एका जागी गोळा करायची, त्यातला बाभळीचा एखादा जाड निखारा मधे ठेवायचा, त्याला गोवरीचा तुकडा टेकवायचा आणि वरून सगळी राख ओढून घ्यायची, हलक्या हाताने, थापायची नाही. सकाळी पाचला उठून काटकीने राख बाजूला केली की आत लालबुंद डोळा उघडावा तसा इस्तू (आजी इस्तूच म्हणायची) जागा असायचा. मग वर थोडं पाचट, दोन चिपाडं, फुंकणीने तीनचार फुंकरा, आणि भप्पकन जाळ.

आजीने शाळेचं तोंड बघितलं नव्हतं पण त्या राख ओढण्यात आगीचं निम्मं शास्त्र आहे असं मला आता वाटतं, आणि आपण गॅसवाले फ्लॅटवाले लोक ते विसरलोय म्हणून हे सगळं लिहितेय. थोडं मोठं होईल, पण वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे आग ही वस्तू नाही, ती चाललेली घडामोड आहे. जळण, हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता हे तिघं एकत्र आले की ती सुरू होते, आणि तिच्यातूनच निघालेली उष्णता पुढच्या जळणाला तापवते म्हणून ती चालू राहते. तिघांपैकी एक काढा, संपली. पाणी उष्णता काढून घेतं, झाकण हवा तोडतं, गॅसचं बटण जळण तोडतं. आग विझवायच्या सगळ्या युक्त्या फिरून फिरून इथेच येतात.

दुसरी गोष्ट ऐकून बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. लाकूड स्वतः ज्योत होऊन जळत नाही. लाकूड साधारण अडीचशे-तीनशे डिग्रीच्या पुढे तापलं की त्यातून गॅस बाहेर पडायला लागतात आणि ते गॅस पेटतात, ज्योत दिसते ती त्यांची. घरी बघायचं असेल तर मेणबत्ती फुंकून विझवा, वातीतून जी पांढरी धुराची रेघ वर जाते तिला लगेच वरच्यावर जळती काडी लावा, ज्योत त्या रेघेवरून खाली उतरून वात परत पेटवते. म्हणजे धूर हे न जळलेलं जळणच असतं. ओलं लाकूड म्हणूनच धुपतं, चुलीची बरीचशी उष्णता आधी त्यातलं पाणी उडवण्यात जाते, लाकूड पुरेसं तापत नाही, आणि निघालेले गॅस न पेटताच घरभर पसरतात. फुंकणीने आपण निखाऱ्याला हवा देतो, निखारा तापतो, आणि कोंडलेला तो सगळा धूर एकदम पेट घेतो, तो भप्प आवाज त्याचा.

चुलीची ज्योत पिवळी असते कारण तिच्यात काजळीचे बारीक कण तापून चमकत असतात, हीच काजळी मग पातेल्याच्या बुडाला बसते. गॅसच्या शेगडीत हवा आधीच मिसळून येते म्हणून सगळं नीट जळतं आणि ज्योत निळी दिसते. तुमच्या गॅसची ज्योत पिवळी व्हायला लागली आणि भांडी काळी पडायला लागली तर समजा की हवा कमी पडतेय, बर्नर साफ करायला झालाय.

मधेच कधीतरी चुलीतला जाळ फुरफुरायचा, लाकडाच्या भेगेतून शिट्टी मारल्यासारखी ज्योत बाहेर यायची आणि आजी म्हणायची, "जाळ हसला बघ, पाव्हणं येत्यात." लाकडाच्या आत कोंडलेले गॅस आणि वाफ एका फटीतून जोरात बाहेर पडले की असं होतं. पण खरं सांगू, हे कळलं तरी मी आजही जाळ हसला की दाराकडे बघते.

आता ते राखेचं. ज्योतीचा खेळ संपला, लाकडातले गॅस उडून गेले की मागे राहतो जवळजवळ नुसता कोळसा, कार्बन. हा ज्योतीशिवाय जळतो, हवा थेट त्याच्या पृष्ठभागाला लागते आणि तिथल्या तिथे जळणं चालतं, म्हणून निखारा लाल चमकतो पण भडकत नाही. याला उघडं ठेवलं तर हवा भरपूर, तासा-दोन तासात जळून राख. पूर्ण हवाबंद केलं तर गुदमरून विझतो. राख या दोन्हीच्या मधलं काम करते. राख हलकी असते, तिच्यात हवेच्या कोट्यवधी बारीक पोकळ्या असतात त्यामुळे ती गोधडीसारखी उष्णता आत धरते, आणि जेमतेम जगण्यापुरती हवा आत झिरपू देते. आजी थापायची नाही ती यासाठी. जळणं इतकं मंद होतं की एक निखारा रात्रभर पुरतो.

हे नीट लक्षात ठेवा कारण पुढे धोक्यात हाच निखारा परत परत येणार आहे. पण आधी सुखाचं बोलू.

थंडीत शेकोटीपाशी बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारठते हे सगळ्यांना माहिती आहे. गरम हवा तर सरळ वर निघून जाते, आपल्याला ऊब लागते ती किरणांनी, उन्हासारखी, समोर आहे त्याच बाजूला. म्हणून शेकोटीभोवती माणसं गोल करून बसतात आणि सारखी फिरून पाठ दाखवतात, आणि गोल करून बसलं की एकमेकांची तोंडं दिसतात, बोलणं सुरू होतं. दक्षिण आफ्रिकेत वंडरवर्क नावाच्या गुहेत माणसाच्या पूर्वजांनी आग वापरल्याच्या खुणा सापडल्यात त्या सुमारे 10 लाख वर्षं जुन्या आहेत, म्हणजे ही बैठक किती जुनी बघा. पॉली विस्नर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कालाहारीतल्या जुहोआन्सी लोकांच्या गप्पांचा अभ्यास केला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं की दिवसा ही माणसं शिकार, देणंघेणं, तक्रारी, कोण कसं वागलं हेच बोलतात, पण रात्री आगीपाशी बसली की 81 टक्के वेळ गोष्टी सांगण्यात जातो. आपल्या ओसरीवरही तेच नव्हतं का, दिवसा बांधावरून भांडणारे चुलते रात्री शेकोटीला एकाच बिडीवर भुताच्या गोष्टी सांगायचे.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात लोकांना नुसता जळत्या आगीचा व्हिडिओ दाखवून त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं. आवाजासकट बघितला, तडतड ऐकत, तर प्रेशर खाली आलं, जितका जास्त वेळ तितकं जास्त. आवाज बंद करून दाखवला तर तो परिणाम दिसला नाही. मला हे वाचून बंबाची आठवण आली. तांब्याचा बंब, मधल्या नळीत ढलप्या टाकायच्या, आणि आत तडतड चालू असताना बाहेर आम्ही पोरं टॉवेल गुंडाळून नंबर लावून बसायचो, कुणालाच अंघोळीची घाई नसायची.

धुराच्या वासाने आठवणी इतक्या जोरात का येतात याचंही कारण आहे. बघितलेलं, ऐकलेलं सगळं आधी मेंदूच्या एका मधल्या ठाण्यातून पुढे जातं, पण वासाची वाट वेगळी आहे, ती जवळजवळ थेट त्या भागांत पोचते जिथे भावना आणि आठवणी सांभाळल्या जातात. आणि लाकडाच्या धुराचा तो ठरलेला वास, लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन जळताना ग्वायकॉलसारखी काही रसायनं तयार होतात, त्यांचा असतो तो. म्हणून पुण्यात हायवेला एखाद्या ढाब्याबाहेर चुलीचा धूर नाकात गेला की आधी घसा दाटतो, आणि आजीचं घर आठवलं हे नंतर कळतं.

पण इथे एक गोष्ट मला स्पष्ट बोलायचीय. चुलीची आठवण गोड आहे ती पाटावर बसून गरम भाकरी खाल्लेल्या माणसाची. जी बाई फुंकणी घेऊन बसायची तिला विचारा. आजीचे डोळे कायम लाल असायचे, साठीच्या आधीच दम लागायला लागला, आयुष्यात विडीला हात लावला नाही तरी डॉक्टर म्हणाले फुप्फुसं सिगारेट ओढणाऱ्यासारखी झालीत. घरातल्या धुराने, म्हणजे लाकूड, शेणी, कोळसा, रॉकेलवर स्वयंपाक करण्याने, जगात 2020 या एका वर्षात सुमारे 32 लाख माणसं गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मे 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅस खूप घरांत पोचला, पण सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल परत पेटतेच. आणि हे नुसतं खेड्यातलं दुखणं नाही बरं का, शहरातल्या बंद बेडरूममध्ये रात्रभर मच्छर कॉइल लावणाऱ्यांनी ऐकावं, एका कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके असतात असं मोजलं गेलंय.

धूर निदान दिसतो, खोकला येतो, माणूस बाहेर पळतो. न दिसणाऱ्याची गोष्ट आता सांगते, आमच्या घरातली आहे.

ताईच्या पहिल्या बाळंतपणाला आजी आमच्या फ्लॅटवर आली होती. डिसेंबरचा महिना. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत आहे, ओवा आणि धूप टाकून धुरी द्यायची, कापड गरम करून पाठ-पोट शेकायचं. आजीने गावाहून लोखंडी शेगडी आणि पोत्यातून कोळसा आणलेला. बाळाला वारं लागू नये म्हणून बेडरूमच्या स्लायडिंग खिडक्या बंद, फटीत चादर कोंबलेली, दार ओढून घेतलेलं. पहिल्या दोन रात्री आई मधेमधे दार उघडत होती, काही झालं नाही. तिसऱ्या रात्री सगळेच दमून झोपलो. पहाटे ताईने हाक मारली, म्हणजे मारायचा प्रयत्न केला, आवाजच निघत नव्हता. डोकं फुटतंय म्हणाली, उलटीची भावना, पाय उचलत नाहीत. आजी शेजारच्या सतरंजीवर होती, हलवली तर उठेना पटकन. मी आधी बाळ उचललं आणि बाहेर पळाले, बाबांनी खिडक्या सताड उघडल्या, शेगडी गॅलरीत नेली. बाळ गॅलरीतल्या गार हवेत आल्यावर काही वेळाने रडलं, आणि त्या रडण्याइतका चांगला आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. हॉस्पिटलमध्ये तिघांनाही ऑक्सिजन लावला. तिघंही वाचली.

खोलीत धूर नव्हता. आजी नंतर शपथेवर सांगत होती, "आगं धूर न्हाई काय न्हाई, इंगळ निस्तं फुललेलं हुतं." आणि ती खरंच सांगत होती.

झालं असं. कोळसा जळताना हवा भरपूर मिळाली तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड. निखाऱ्यांच्या ढिगात आतल्या बाजूला हवा नेहमीच कमी असते, त्यामुळे हा गॅस प्रत्येक शेगडीत तयार होतोच. ताज्या फुललेल्या कोळशावर कधीकधी बारीक निळी ज्योत नाचताना दिसते ना, तो मोनॉक्साइडच जळत असतो. आणि ती निळी ज्योत दिसेनाशी झाली, शेगडी शांत झाली की आपल्याला वाटतं आता धोका संपला, आता आत घ्यायला हरकत नाही, पण मग तो गॅस न जळता सरळ खोलीत येत असतो. रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. वजन जवळजवळ हवेइतकंच, त्यामुळे वर खाली कुठे साचत नाही, सगळ्या खोलीत मिसळतो.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. हा गॅस त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो, म्हणजे बसच्या सीटा कुणीतरी रुमाल टाकून अडवल्यासारखं, बस धावतेय पण प्रवासी चढू शकत नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग हातापायातली ताकद जाते, समोर दार दिसत असतं आणि उठता येत नाही. झोपलेल्या माणसाला तर यातलं काही कळतच नाही. कोविडपासून घरोघरी ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलंय, यात त्याच्यावर विसंबू नका, साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनने भरलेलं आणि या गॅसने भरलेलं हिमोग्लोबिन यात फरक करता येत नाही, तो आरामात 98 दाखवेल. साध्या हवेत हा गॅस रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात निम्मा होतो, म्हणून मोकळ्या हवेत आणून बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच.

मग गावाकडे पिढ्यान् पिढ्या बाजेखाली शेगडी ठेवून बायका बाळंत झाल्या त्यांना काही कसं झालं नाही? कौलं. कौलारू घराला प्रत्येक कौलाच्या सांध्यात फट असते, भिंत आणि छपराच्या मधे उजेड दिसतो, दाराखालून मांजर जाईल एवढी जागा. ते घर रात्रभर श्वास घेत असतं. शेगडी तीच, कोळसा तोच, आजीचा हातही तोच, बदललं होतं ते घर. स्लॅबच्या खोलीत स्लायडिंग खिडकी लावून घेतली की ती डबी होते. बाथरूममधल्या गॅस गीझरचंही हेच, छोटी खोली, बंद झडप, वीस मिनिटं गरम पाणी, आणि आतला माणूस दार वाजवलं तरी ओ देत नाही. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवायचा असतो, आत फक्त पाण्याचा पाइप. ज्यांच्याकडे आत आहे त्यांनी प्लीज हे आज करा, पुढच्या पगारावर ढकलू नका.

धुमसणाऱ्या निखाऱ्याची दुसरी बाजू म्हणजे तो विझलाय असं वाटतं आणि विझलेला नसतो. हुरडा पार्टी, पोपटी, ट्रेकवरची शेकोटी, सगळं आटोपलं की आपण वर माती नाहीतर राख ओढतो आणि निघतो. आता आजीचं आठवा. विस्तव जिवंत ठेवायला ती नेमकं हेच करायची! होळी पेटते त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच राखेत पाणी तापवून लोक अंघोळी करतात, एवढी धग आत असते. झाकलेल्या आगटीवर सकाळी एखादं पोर अनवाणी पाय देतं, नाहीतर वारा सुटतो, राख उडते आणि फेब्रुवारी-मार्चमधलं वाळलेलं गवत शेजारीच असतं. सह्याद्रीत वणवे लागतात त्यातले कितीतरी माणसाच्या हातून लागलेले असतात. शेकोटी विझवायची तर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, परत ओतायचं, आणि हात जवळ नेऊन धग लागत नाही हे बघूनच निघायचं.

कापसाचं तर फारच वाईट. दाबून बांधलेल्या गाठीत धागाधाग्यांमधे हवा अडकलेली असते, आत गेलेली ठिणगी तिच्यावर तासन् तास धुमसते आणि वरून मारलेलं पाणी आतपर्यंत पोचत नाही. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजावर हेच घडलं. जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि दारूगोळा होता आणि त्याच्याच जोडीला कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी धूर दिसला, अग्निशमन दल आलं, पाण्याचा मारा सुरू झाला, पण आतला विस्तव काही ऐकेना. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जहाजातल्या सोन्याच्या लगडी दूरवर उडून पडल्या याच्याच गोष्टी लोक रंगवून सांगतात. मला त्या दिवसातले 66 फायरमन आठवतात, स्फोटकांनी भरलेल्या जहाजावर पाणी मारत उभे राहिलेले आणि तिथेच गेलेले. शहरातले शेकडो लोक वेगळेच. 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यांच्यासाठी.

इमारतीला आग लागते तेव्हा ज्वाळांच्या आधी धूर माणसाला गाठतो, आणि त्या धुरात तोच मोनॉक्साइड असतो, वर फोम, प्लास्टिक, पडद्यांचे विषारी गॅस. खोलीत गरम धूर छताला साचतो आणि हळूहळू खाली उतरत येतो, छताकडची उष्णता पाचशे-सहाशे डिग्रीला पोचली की सोफा, गादी, पुस्तकं, ज्याला ज्योत शिवलीही नाही असं सगळं एकदम पेट घेतं, आणि हल्लीच्या फर्निचरने हे काही मिनिटांत होऊ शकतं. म्हणून पहिली दोन-तीन मिनिटं पळायची असतात, कपाट उघडायची नसतात. खाली वाकून, रांगत जायचं कारण श्वास घेण्याजोगी हवा जमिनीजवळ शिल्लक असते. जाताना दार मागे ओढून घ्यायचं. लिफ्ट नाही, जिना. आणि बाथरूममध्ये लपायचं नाही, पाणी आहे म्हणून तिथे सुरक्षित वाटतं पण धूर आत येतोच आणि बाहेर पडायला वाट नसते. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईच्या कमला मिल्समधल्या आगीत 14 जण गेले, त्यातले बरेच जण वॉशरूममध्ये सापडले, गुदमरून. तुमच्या सोसायटीच्या जिन्यात सायकली, कुंड्या, जुनं फर्निचर ठेवलं असेल तर आज मीटिंगमध्ये विषय काढा, वाईटपणा आला तर येऊ द्या.

स्वयंपाकघराचं थोडक्यात सांगते कारण यातलं निम्मं तुम्हाला माहिती असेल. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली बुडतं, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा मागते, त्यामुळे सगळं पेटतं तेल छतापर्यंत उडतं. गॅस बंद करा, झाकण नाहीतर मोठं ताट बाजूने सरकवून वर ठेवा, आणि कढई उचलून बेसिनकडे न्यायची नाही, झाकण पाच मिनिटांनी उघडून बघायचं नाही, थंड होऊ द्या. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन मुद्दाम घालतात. तो गॅस हवेपेक्षा जड आहे, फरशीवर पाण्यासारखा पसरतो आणि ओट्याखाली, फ्रिजखाली साचतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला तरी एका ठिणगीने उडू शकतो, आणि ठिणगी लाइटच्या बटणातही असते, चालू करताना आणि बंद करतानाही, म्हणून वास आला की कुठल्याच बटणाला हात नाही, एक्झॉस्ट फॅनलाही नाही. रेग्युलेटर बंद, दारंखिडक्या उघड्या, सगळे बाहेर, मग बाहेरून 1906 ला फोन. आग लागली तर 101 नाहीतर 112. भाजलं तर नळाचं वाहतं पाणी वीस मिनिटं, घड्याळ लावून, तेवढ्यात अंगठी-बांगड्या काढून घ्या कारण सूज येते. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यातलं काहीच नाही.

आता परत आजीकडे येते. हॉस्पिटलमधून आल्यावर ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आपल्या हातून पणतू जात होता हे तिला झेपत नव्हतं, आणि घरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं तरी ती शेगडीकडे बघायचीसुद्धा नाही. मग एका दुपारी मी तिच्याजवळ बसले आणि वर लिहिलं तेच सगळं तिच्या भाषेत सांगितलं, निखाऱ्याला आत हवा कमी पडते, मग त्यातनं एक वायू सुटतो, तो दिसत नाही. ती ऐकत होती आणि एकदम म्हणाली, "म्हंजी पेवातल्यागत."

तिचं माहेर हरिपूरच्या बाजूचं. तिथे जमिनीत खोल खड्डे काढून हळद साठवायचे, त्यांना पेव म्हणतात, वरचं तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं. बंद पेवात आतली हवा खराब होते, एकदम उतरलेला माणूस तिथेच पडतो. म्हणून आधी तोंड उघडून ठेवायचे आणि दोरीला कंदील बांधून आत सोडायचे. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. ज्योतीला साधारण 16 टक्के ऑक्सिजन लागतो, त्याच्या खाली ती टिकत नाही, म्हणजे माणसाच्या आधी कंदील सांगायचा.

आजीने विचारलं, "मग ह्यो वायू कंदिलानं कळंल का?" नाही कळत गं, मी म्हणाले, या वायूत कंदील छान जळत राहतो आणि माणूस पडतो. ती बराच वेळ गप्प बसली. मग उठली, शेगडी घेतली आणि गॅलरीत नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून ताई माहेरी असेपर्यंत रोज संध्याकाळी आजी गॅलरीत डोक्यावरून शाल घेऊन शेगडीपुढे बसायची, सुती कापडाच्या घड्या तव्यावर गरम करायची, स्वतःच्या गालाला लावून बघायची किती तापलंय, आणि मग काचेचं दार ढकलून आत यायची, ताईच्या पाठीवर ठेवायची, परत बाहेर. दहा-बारा खेपा व्हायच्या. मी म्हटलं मी करते, तर म्हणाली तुला अंदाज यायचा न्हाई.